लेकीच्या दारात मोटरहोम

मोटरहोम बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्या म्हाताऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "बायकोला नाही आणलंत?" ही वस्तू बायकोला दाखवल्याशिवाय कोणी घेत नाही, असा त्याचा अनुभव होता. पसंती तिची, सही नवऱ्याची. मी म्हणालो, "तिला जमलं नाही." तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार असेल. मी न्यू जर्सीत, पार्सिपनीला राहत होतो आणि एका कंपनीत पंपांची डिझाइन्स करत होतो. वय चोपन्न. मुलगी लग्न करून नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला गेलेली. घरात तीन बेडरूम, आणि मी झोपायचो हॉलमधल्या सोफ्यावर, टीव्ही चालू ठेवून. अशा माणसाला आणखी एक घर, तेही चाकांवरचं, कशाला हवं होतं, असं मित्रमंडळींनी विचारलं. मी सगळ्यांना सांगितलं की आता अमेरिका बघायची आहे. इतकी वर्षं इथे राहून ऑफिस आणि इंडियन ग्रोसरीचं दुकान सोडून काही बघितलं नाही. हे ऐकून एक मित्र म्हणाला, "म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" सगळे हसले, मीही हसलो.

खरं कारण वेगळं होतं. आता लपवून तरी काय करायचंय?

बायको गेल्यावर आठ महिन्यांनी मुलीचा फोन आला. "बाबा, वी गॉट मॅरिड. फ्रायडेला. कोर्टात." मुलगा अमेरिकन, तिच्याच लॅबमधला. तो अमेरिकन आहे याचा मला राग नाही, तिने विचारलं नाही, नुसतं कळवलं, याचा राग आहे, असं मी लोकांना सांगत असे. खरं तर मला दोन्हीचा राग होता. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला.

त्यानंतर दर रविवारी सकाळी दहा वाजता मी तिला फोन करायचो. तीन-चार मिनिटं. हवा कशी आहे? गाडीचं ऑइल बदललंस का? तो बरा आहे ना? जावयाला मी 'तो'च म्हणायचो. पूर्वी फोनवर बोलायचं काम बायकोचं होतं. मायलेकींचं तासभर चालायचं, आणि शेवटी ती रिसीव्हर माझ्याकडे द्यायची, "घ्या, बोला दोन शब्द." ते दोन शब्द हवेबद्दल असायचे. बायको गेली आणि माझ्याकडे ते दोन शब्दच राहिले.

मुलगी तीनदा म्हणाली, "बाबा, या ना." मला जायचं होतं. तिला बघायला जीव तुटत होता. पण त्या घरात जाऊन राहायचं, त्याच्या हातची कॉफी प्यायची, म्हणजे झालं ते मान्य केलं असं झालं असतं. माझा अहंकार तेव्हा चांगला धट्टाकट्टा होता. मग मला आठवली आमच्याकडची जुनी रूढी: मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. माझे वडील माझ्या आत्तेबहिणीला, म्हणजे पोटच्या मुलीला नव्हे, पण स्वतः लग्न लावून दिलेल्या भाचीला भेटायला जातानासुद्धा दशम्या आणि पाण्याचा तांब्या बरोबर नेत. वयाच्या विसाव्या वर्षी मी यावरून त्यांच्याशी कडाक्याने भांडलो होतो. देवधर्म मी कधीच सोडला होता, जानवं तर अमेरिकेला येताना बोटीवरच काढून ठेवलं होतं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसे मी त्या रूढीचे पाय धरले. ती माझ्या सोयीची होती.

आता मोटरहोमचं कोडं सुटलं असेल. स्वतःचं छप्पर, स्वतःची शेगडी, स्वतःचं पाणी. लेकीच्या दारात राहायचं, पण घरात नाही.

म्हाताऱ्याने दोन तास धडा दिला. या धुडाच्या पोटात तीन टाक्या होत्या. एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची आणि एक संडासाची. ती तिसरी जागोजागी थांबून स्वतःच्या हातांनी पाइप लावून रिकामी करायची. माझ्या सोवळ्या आजीला हे कळलं असतं तर तिने मला परत जातीत घेतलं नसतं. गॅसच्या दोन शेगड्या, एवढासा फ्रीज, बसायच्या बाकाचा पलंग होत होता. म्हातारा पलंग उघडून दाखवत म्हणाला, "दोघांना ऐसपैस होतो." मी मान हलवली.

मग त्याने विचारलं, "मागे काय बांधणार?" कारण एवढं धूड घेऊन दुधाची पिशवी आणायला जाता येत नाही. लोक मागे छोटी गाडी ओढत नेतात, मुक्कामाला पोचलं की ती सोडवून हिंडतात. माझ्याकडे बायकोची गाडी होती. छोटी, निळी, हाताने गिअर बदलायची. गिअरची गाडी चारही चाकांवर ओढायला सोपी, असं म्हातारा म्हणाला. ती गाडी दोन वर्षं गॅरेजमध्ये उभी होती. मी आठवड्यातून एकदा तिचं इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचो. ती विकून टाक असं अनेकांनी सुचवलं होतं, पण मी विकली नाही.

म्हाताऱ्याचे नियम मी कागदावर लिहून घेतले. गिअर न्यूट्रलमध्ये. हँडब्रेक खाली. किल्ली एक टिचकी पुढे, म्हणजे स्टिअरिंग लॉक होत नाही. साखळ्या एकमेकींवरून तिरक्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी मागे जोडलेली असताना रिव्हर्स घ्यायचं नाही. एक फूटही नाही. मागची गाडी आडवी होते आणि दोन्ही गाड्या जोडणारा दांडा वाकतो. पुढे जाऊन वळायला जागा आहे का ते आधीच बघायचं.

एक गोष्ट त्याने सांगितली नाही, कारण ती त्याला सांगावीशी वाटली नसणार. हे काम दोन माणसांचं आहे. एकाने गाडी इंच-इंच पुढे आणायची, दुसऱ्याने दांड्यापाशी उभं राहून हात करायचा. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागचे लाल दिवे लागतात का ते बघायचं. निघायच्या दिवशी मी ड्राइव्हवेमध्ये एकटाच होतो. गाडी जरा पुढे घ्यायची, उतरायचं, वाकून बघायचं, परत चढायचं. अकरा-बारा खेपा झाल्या. ब्रेकच्या पेडलवर झाडूचा दांडा टेकवून तो सीटमध्ये अडकवला आणि पळत मागे जाऊन दिवे बघितले. शेजारी लॉनला पाणी घालत होता. त्याला हाक मारली असती तर तो आनंदाने आला असता. मी हाक मारली नाही. कुणाकडे काही मागायचं नाही हा माझा बाणा होता, आणि त्या बाण्याने मला काय दिलं याचा हिशोब मी पुढे बराच काळ करत बसलो.

महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू मात्र न सांगता आल्या. त्यांनी मोटरहोमच्या नाकाडावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मग मागे गेल्या, निळ्या गाडीसमोर जरा थांबल्या आणि तिच्यावरही कुंकवाचं बोट टेकवलं. "लेकीला माझे आशीर्वाद सांगा," म्हणाल्या. मी अमेरिका बघायला चाललोय यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

हायवेला लागलो. पन्नासच्या वर जायची माझी हिंमत नव्हती. सगळं जग मला ओलांडून जात होतं, जाताना एखादा हॉर्न मारून आपलं मत सांगत होतं. मागची गाडी आरशात दिसत नव्हती. मोटरहोमची पाठ एवढी रुंद की ती पूर्ण तिच्याआड जायची. फक्त रस्ता वळला की बाजूच्या आरशात तिचं निळं नाक क्षणभर दिसायचं. मी वळणांची वाट बघू लागलो. दिसली की "आहेस ना?" असं मोठ्याने म्हणायचो. डेलावेअरचा पूल ओलांडेपर्यंत मला त्याची लाज वाटेनाशी झाली होती.

रात्रीचा मुक्काम व्हर्जिनियातल्या एका कॅम्पग्राउंडवर केला. सगळीकडे जोडपी. घडीच्या खुर्च्या टाकून, पायाशी कुत्रं घेऊन बसलेली. शेजारच्या जोडप्याने मला खायला बोलावलं. जेवण झालंय असं सांगून मी आत गेलो आणि खिचडीचा कुकर लावला. पहिली शिट्टी झाली तशी दारावर धाडधाड थापा. गॅसचा स्फोट होतोय असं समजून शेजारचा म्हातारा आग विझवायचा सिलिंडर घेऊन आला होता, मागे त्याची बायको. मी कुकर दाखवला. ती दोघं पोट धरून हसली. जेवण झालंय म्हणणारा माणूस उघडा पडला होता. ती दारात थोडा वेळ घुटमळली. मी त्यांना बसा म्हटलं नाही. ती गेल्यावर वाटलं, म्हणायला हवं होतं. खिचडी दोघा-तिघांना पुरेल एवढी होती, ती मी दुसऱ्या दिवशीही खाल्ली. निघताना टाकी तिथल्या नळावर काठोकाठ भरून घेतली.

मॉरिसव्हिलला पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. तिच्या वसाहतीत अर्धी घरं बांधून व्हायची होती, लाल मातीचे ढीग, पाइनची झाडं, पाट्या नसलेले रस्ते. मी चुकीच्या गल्लीत शिरलो आणि ती पुढे बंद निघाली. वळायला जागा नाही, मागे घ्यायची सोय नाही. भर उन्हात खाली उतरून साखळ्या काढल्या, वायर काढली, निळी गाडी सुटी केली, धूड कसंबसं वळवलं आणि परत सगळं जोडलं. त्यात एक तास गेला. शर्ट घामाने चिंब, हाताला ग्रीस, डोकं तापलेलं. अशा अवतारात मी तिच्या लग्नानंतर दीड वर्षांनी पहिल्यांदाच लेकीच्या दारात उभा राहिलो.

ती घरातून पळत आली. माझ्याकडे आली नाही, मोटरहोमकडे तर तिने बघितलंही नाही. ती सरळ मागे गेली आणि निळ्या गाडीच्या बॉनेटवर तिने हात ठेवला.

"आय थॉट यू सोल्ड इट," ती म्हणाली.

"कशाला विकायची?" मी म्हणालो.

ती बारीक झाली होती. डोळ्यांखाली काळं दिसत होतं. मला ते दिसलं, आणि मी मनात म्हणालो, बघा, लग्न मानवलेलं नाही. मी तेव्हा असा माणूस होतो.

जावई बाहेर आला. उंच, शांत, हात कुठे ठेवावेत हे न कळणारा. वरची खोली तयार केली आहे, म्हणाला. मी म्हणालो, माझं सगळं माझ्याबरोबर आहे. मग निदान पाणी तरी घ्या, म्हणून त्याने बागेतलं नळीचं वेटोळं उचललं आणि एक टोक माझ्या टाकीकडे आणू लागला. मी हाताने त्याला थांबवलं. टाकी भरलेली आहे, म्हणालो. त्याला कळेना. तेव्हा मी त्याला इंग्रजीत, हसत हसत, आमच्या संस्कृतीची मोठी मौज सांगतोय अशा थाटात तो नियम समजावून सांगितला: "तुम्ही दोघं मला नातवंड देत नाही तोवर मी या घरच्या पाण्याचा थेंब घेणार नाही. तेव्हा आता मनावर घ्या!"

मीच हसलो. जावयाच्या हातातली नळी तशीच राहिली. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "पोळी तव्यावर आहे," आणि आत गेली.

त्या संध्याकाळी मी माझ्या शेगडीवर पोहे केले. खिडकीतून तिचं स्वयंपाकघर दिसत होतं. वीस पावलांचं अंतर असेल. दोघं टेबलापाशी बसलेली होती, पण जेवत नव्हती. मी जिंकलो होतो. पोहे ताटलीत तसेच गार झाले, एवढंच.

सकाळी ती मोटरहोमच्या दाराशी आली. "बाबा, आईची गाडी चालवू?" ती चालवायला शिकली होती त्याच गाडीत, आईच्या शेजारी बसून. आम्ही दोघांनी मिळून गाडी सोडवली. चार मिनिटं लागली. ती चालवायला बसली, मी शेजारी. सीट तिने मागेपुढे केली नाही, तिची उंची आईएवढीच आहे. दोनदा इंजिन बंद पडलं, मग जमलं. ग्रोसरीच्या दुकानापर्यंत तिने ती नीट नेली. पार्किंगमध्ये तिने गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि समोर बघत राहिली.

"बाबा, मी मार्चमध्ये प्रेग्नंट होते. पाचवा महिना होता. वी लॉस्ट द बेबी."

मी बोललो ते चुकीचंच. म्हणालो, "मला सांगितलं नाहीस?"

"संडेला तुमचा फोन आला होता. मी हॉस्पिटलमधून आदल्या दिवशी घरी आले होते. तुम्ही वेदर विचारलंत. मी म्हटलं, फाइन."

तो फोन मला आठवेना. आजही आठवत नाही. मार्चमधले सगळे रविवार मी पुष्कळदा डोक्यात उलटसुलट करून पाहिले, सगळे सारखेच आहेत.

"आई असती तर तिला सांगितलं असतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तोंड देता आलं असतं, त्याची मला सवय होती. मग तिने विचारलं, "सांगितलं असतं तर आला असता तुम्ही?"

हो म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं. पण ती माझ्याकडे वळून बघत होती, आणि तिच्या आईच्या गाडीत बसून मला खोटं बोलवेना. मी म्हणालो, "माहीत नाही गं."

तिने मान हलवली. "ओके," म्हणाली. आम्ही दूध घेतलं आणि परत आलो.

दुपारी जेवायच्या वेळी मी माझ्या पायरीवर बसून होतो. मला वाटलं ती बोलवेल. तिने बोलावलं नाही. काल मीच नियम सांगितला होता आणि ती तो पाळत होती. बापाचा मान राखत होती. शेवटी मी उठलो, चप्पल काढून तिच्या मागच्या दारातून आत गेलो. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. जावई मला बघून उभा राहिला. ती ओट्यापाशी पाठमोरी होती.

"काय होतं?" मी विचारलं.

तिला कळलं मी काय विचारतोय ते. "मुलगी," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढली आणि बसलो. "मग मला नात झाली होती," मी म्हणालो. "मार्चमध्येच झाली होती. मग माझा नियम कुठे उरला? मला पाणी दे."

ती वळली. आई गेली तेव्हा ती माझ्यासमोर रडली नव्हती, मीही तिच्यासमोर रडलो नव्हतो. जावयाला मराठीतलं काही समजलं नसणार, पण तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. तिने कपाटातून ग्लास काढला, नळाखाली धरला. मला बर्फ चालत नाही हे तिच्या लक्षात होतं. ग्लास तिने माझ्यापुढे ठेवला आणि हात काढला नाही. मग मी तिच्या हातासकट तो उचलला आणि सगळं पाणी प्यायलो.